पिवळ्या काठाचा कोट

माझ्या धाकट्या भावाला सगळे कडक म्हणतात. स्वभावाने तो लोण्याहून मऊ. नाव पडलं ते कपड्यांवरून. आमचं इस्त्रीचं दुकान उताराच्या रस्त्यावर, बरोबर मधोमध. आजूबाजूची पोरं चुरगळलेल्या शर्टात हिंडायची तेव्हा हा एकटा विजारीला धार काढून बाहेर पडायचा. शर्ट एकच, पण रोज कडक इस्त्री. घरात बाकी कशाचा पत्ता नसला तरी गरम इस्त्री तेवढी हाताशी होती.

उताराच्या वरच्या अंगाला बंगले, खाली आम्ही. वरच्या पोरांची एक टोळी, खालच्यांची एक. वरच्यांकडे मोटारसायकली होत्या आणि शाळेचा गडद निळा कोट, गळ्याला पिवळा काठ लावलेला. शाळा सुटली तरी तो कोट अंगावरून उतरायचा नाही आणि कॉलर सदा ताठ. खालच्यांकडे बसायला पाण्याचा जाड पाइप आणि तोंडात भरपूर शिव्या. मधल्या मैदानावरून दोघांची जुंपायची. मैदान दोघांपैकी कुणाच्याच बापाचं नव्हतं, पण डोकी मात्र स्वतःची फुटायची. कडक खालच्यांत बसायचा, कारण त्याचा जिवलग दोस्त तिथे बसायचा. तो टायरच्या दुकानात कामाला होता, म्हणून त्याचं नाव पंक्चर.

आणि गंमत अशी की वरच्यांचे कोट इस्त्रीला आमच्याकडेच यायचे. जी बाही संध्याकाळी मैदानात ओढली जायची, तिच्या सुरकुत्या सकाळी कडकनेच काढलेल्या असायच्या.

बाबांचा दुकानात एकच नियम होता. गिऱ्हाइकाच्या कपड्याची घडी मोडायची नाही. कितीही आवडला तरी अंगाला लावायचा नाही. "उपाशी राहू," बाबा म्हणायचे, "पण दुसऱ्याच्या कपड्याची घडी मोडलीत तर हात मोडून ठेवीन." बाबांनी आयुष्यात आमच्यावर हात उगारला नव्हता, त्यामुळे आम्ही हसायचो.

कडकला सतरावं लागलं तेव्हा वरच्या रस्त्यावरच्या कारखान्यात शिकाऊ पोरं घेणार असल्याचं कळलं. त्याचा सगळा जीव त्या जागेत अडकला. "ताई, एकदा मी आत शिरलो ना, की पंक्च्यालापण चिकटवतो," तो मला म्हणाला. "रोज मार खायचा, रोज द्यायचा. वीट आलाय." नोकरीपेक्षा त्याला त्या पाइपवरून उठायचं होतं, दोस्ताला सोबत घेऊन. पण कारखान्याचा पहारेकरी म्हणे अवतार बघूनच पोरांना फाटकावरून परत पाठवायचा. आणि कडकचा एकुलता एक शर्ट त्याच आठवड्यात मैदानात काखेपासून टराटरा फाटला होता. मी शिवला, पण शिवण लपत नव्हती.

मुलाखतीच्या सकाळी बाबांनी खुंटीवरचा एक निळा कोट उतरवला. "हा पोरगा बाहेरगावी गेलाय. इतक्यात न्यायला येत नाही." खिशावरचा शाळेचा बिल्ला त्यांनी ब्लेडने हळूहळू उसवला. पिवळा काठ निघेना, तो मूळ शिवणीतच होता.

"अहो, तुम्हीच घडी मोडताय?" आई म्हणाली.

"एकदाच. दिवस मावळायच्या आत परत खुंटीवर पाहिजे," बाबा म्हणाले, पण आमच्याकडे बघितलं नाही.

कोट त्याला असा बसला की जणू मापानेच शिवलेला. मला रडू आलं आणि रागही आला. एवढ्याशा कापडाने माणूस बदलतो हे बघून कुणालाही राग येईल.

दिवसभर फाटकाशी थांबावं लागलं, पण संध्याकाळी त्याला घेतलं. साहेब म्हणाले, "सोमवारपासून या." ये नाही, या. आमच्या घरातल्या कुणाला तोवर बाहेरच्या कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. त्या एका शब्दाने पोरगा इतका हरखला की अंगात कोट आहे हेच विसरला. त्याला बातमी आधी पंक्चरला सांगायची होती. म्हणून मोठा रस्ता सोडून तो मैदानाशेजारच्या पायऱ्यांनी उतरायला लागला.

आदल्या दिवशी वरच्यांनी पंक्चरला एकटा गाठला होता. त्याच्या अंगातला शर्ट काढायला लावून त्याच शर्टाने सगळ्या मोटारसायकलींची चाकं पुसायला लावली होती. कडकला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचा वचपा काढायला खालचे त्या पायऱ्यांच्या आडोशाला दबा धरून बसले होते. उजेड कमी झालेला. पायऱ्या उतरणारा पाठमोरा निळा कोट, पिवळा काठ, विजारीला धार. पंक्चरच्या हातात टायर काढायची लोखंडी पट्टी होती. पहिला घाव डोक्यात बसला. दुसरा अडवायला कडकने उजवा हात वर केला, तो हातावर बसला.

"पंक्च्या, अरे मी," तो म्हणाला. मग शुद्ध हरपली.

पंक्चरनेच त्याला खांद्यावर टाकून दुकानात आणलं. "ताई, वरचा समजून मारलं. ताई, याने कोट का घातला?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. बाबा इस्त्री हातात धरून तसेच उभे. खाली कुणाचा तरी पांढरा सदरा जळत होता.

जीव वाचला. हाताची हाडं वाकडी जुळली, बोटं मिटेनात, आणि बोलताना शब्द सापडायला त्याला वेळ लागू लागला. पोलिसांनी खोदून खोदून विचारलं. "दिसलं नाही कोण ते," यापलीकडे कडक गेला नाही. त्यामुळे तक्रार राहिली ती फक्त कोटाची, कोटवाल्याच्या वडिलांनी चोरीची केलेली.

"मी दिला, माझ्या हाताने दिला," बाबा म्हणाले.

"तुझा होता का?" हवालदाराने विचारलं.

चोरीचं नाव लागलेला पोरगा कारखान्याला नको होता. सोमवारी तिथे दुसराच कुणी उभा राहिला. कोटवाल्याच्या आईने रक्ताचा तो कोट परत नेलाही नाही, मुलाला नवा शिवला. आणि माझं टाळकं अजून सणकतं ते यासाठी की वरच्यांपैकी एकाचंही बोट माझ्या भावाला लागलं नव्हतं. आमचे आम्हीच पुरे पडलो. ती पोरं पुढे शिकली, मोठी झाली. आता त्यांचे सूट आमच्याकडे येतात आणि कडक डाव्या हाताने त्यांना इस्त्री करतो. त्यांना तो ओळखू येत नाही.

बाबा गेले. पंक्चर रोज सकाळी येतो, दुकानाचं शटर वर करून देतो आणि निघून जातो. एका हाताने ते शटर उचलत नाही. दोघांत तेवढंच उरलंय.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मामा म्हणून त्याला मी कोट शिवून घेतला. त्याच्या मापाचा, साधा, कुठे काठ नाही की बिल्ला नाही. दुकानात नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने डाव्या हाताने कापड चाचपलं, हसला, बाह्या सरळ करून सावकाश इस्त्री फिरवली. मग कोट उचलून गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या रांगेत, खुंटीवर अडकवला.

"अरे, तुझाच आहे," मी म्हणाले. "घालून तरी बघ."

तो बराच वेळ शब्द शोधत राहिला.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "घडी नको मोडायला."