हात राहिले

शुक्रवारी बाजाराची यादी घेऊन निघालो की थिएटरबाहेर एक पेंटर सिनेमाची पाटी रंगवताना दिसे. वर्ण काळाकुट्ट, बोलणं कमी, ब्रश धोतराला पुसायची सवय. त्या आठवड्यात विलायती सिनेमाचा नायक एक काळा नट होता. त्याने तो हौसेने तसाच रंगवला.

मालक ओरडला, "हा राक्षस बघायला कोण येईल? गोरा कर!"

त्याने चेहरा गोरा केला.

काही राहिलंय का ते बघायची माझी खोड. मी म्हणालो, "अहो, हात काळेच राहिले की!"

"राहू द्या, मास्तर," तो हळूच म्हणाला. "माझ्या रंगाचा हिरो जल्मात पहिल्यांदा आलाय."

पण माझा आवाज मालकापर्यंत गेला होता. पुढच्या शुक्रवारी पाटी दुसराच कोणी रंगवत होता.