मऊ तारा

शेजारच्या शेडमधले यंत्रमाग सुरू झाले की माझ्या भिंतीवर टांगलेली बास गिटार आपोआप घुमते, आणि मला कोल्हापुरातलं ते वाद्यांचं दुकान आठवतं. आमच्या कामगार गाण्यांच्या पथकात ही गिटार वाजवणारा मित्र कबनूरला माग चालवायचा. तुटलेले धागे जोडून त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि रविवारी कामगारांच्या मोर्चापुढं वाजवायचं होतं, म्हणून आम्ही तिथं नव्या तारा घ्यायला गेलो होतो. "ह्या सपाट तारा घ्या पावणं," दुकानदार म्हणाला, "बोटाला टोचत न्हाईत. आवाज तेवढा दबका येतोय." मी चिडलो. "दबका कशाला? मालकाच्या बंगल्यापर्यंत गेला पायजे." मित्र हसला. "बोटं तुझी हायत व्हय? तू पत्रकं वाट की." तारांच्या टोकांना लाल रेशीम गुंडाळलेलं होतं, एकीचं सुटलं होतं. त्यानं बोट थुंकीनं ओलं केलं आणि मागावर मारतात तशी गाठ मारली, तारेकडं न बघता. रविवारी तो शेवटपर्यंत वाजवत राहिला. आवाज दबकाच होता, पण छातीत जाणवायचा. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत घेऊन माणूस मरतो, त्याला आजारपण म्हणतात. मी खून म्हणतो. त्याच्या आईनं गिटार मला दिली. तारा जुन्या झाल्यात, बदल, असं सगळे सांगतात, पण त्यांच्याबरोबर ती गाठही जाईल. आज सकाळी माग सुरू झाले, तार घुमली. मी तळवा ठेवून ती थांबवली. हात काढला, तर परत घुमायला लागली.