खोक्यातल्या साध्या कार्डांची पूजा

खेळाडूची किंमत त्याच्या कार्डाचे चार कोपरे किती टोकदार राहिलेत यावर ठरते, हे तुम्हाला पटतं का?

मला पटत नव्हतं. मी पुण्यात चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढले. बाबा लिहायचे, आई घड्या घालायची, मी चौकात वाटायचे. कुठलंच पत्रक दुर्मीळ नाही, हाच त्याचा मोठेपणा. इथे नेदरलँड्समधल्या युट्रेख्टमध्ये राजाच्या वाढदिवसाला सगळं गाव जुन्या वस्तू फुटपाथवर मांडून बसतं. तिथे शेजारच्या आजोबांपुढे बुटांच्या खोक्यात बेसबॉल कार्डं दिसली, खेळाडूंचे फोटो छापलेली, लोक जमवतात तसली. सगळी साधी, अजून शिकत असलेल्या पोरांची. आजोबा म्हणाले, यांना कोणी विचारत नाही. मी म्हटलं, म्हणूनच हवीत.

आजोबा निवृत्त बसचालक. जवळच्या बेसबॉल मैदानावर त्यांनी वर्षानुवर्षं धावफलक सांभाळला. कोपरे दुमडू नयेत म्हणून कार्ड ते चिमट्याने उचलतात.

दसऱ्याला मी लॅपटॉप, सायकल, पुस्तकं पुजली. खोकाही पाटावर ठेवला. पण वरच्या कार्डाला कुंकू आणि खालच्याला नाही, हे माझ्या तत्त्वात बसेना. मग एकूण एक पोराला हळद-कुंकू लावलं. हात भरून आले, पण समता प्रस्थापित झाली.

पुढच्याच आठवड्यात आजोबा दारात. त्यांच्या मैदानावर घडलेला एक डावखुरा पोरगा अमेरिकेतल्या मोठ्या संघात गेला होता आणि त्याचं कार्ड माझ्या खोक्यात होतं. परत मिळेल का, बदल्यात हवं ते देतो, म्हणाले. मी ताठ झाले. पोरगा नावारूपाला आला की लगेच मागणी? बाजारभावाविरुद्ध मी दारातच भाषण ठोकलं. माझ्या डचमध्ये ते बरंच आटोपशीर झालं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेजारीणबाई, मला ते विकायचं नाहीये. तो दहा वर्षांचा होता तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं, तुला नाही जमणार. पुढे त्याचं कार्ड आलं, तेही खोक्यात टाकून दिलं."

मी खोका आणला. पोरगा सापडला, टोपीवर कुंकू, गालाला हळद. आजोबांचा चिमटा हवेतच थांबला. संग्राहकांच्या लेखी ते कार्ड मेलं होतं. मी मान खाली घालून दसरा समजावला. ज्यांच्या जिवावर आपलं चालतं, त्यांना वर्षातून एकदा नमस्कार.

"यालाच लावलंत?"

"नाही, सगळ्यांना."

आजोबांचा चिमटा खिशात गेला आणि त्यांनी कार्ड चक्क बोटांनी उचललं. आता ते त्यांच्या फ्रिजवर, चुंबकाखाली आहे. काल विचारत होते, घरात आणखी दोन खोके आहेत, पुढच्या दसऱ्याला आणू का?

तुमच्याही कपाटात असा खोका असेल. आज भाव न बघता त्यातलं एक कार्ड काढा आणि त्या पोराचं नाव मोठ्याने वाचा.