रणशिंग सर आणि ग्रीकांची लढाई

साताऱ्याच्या कॉलेजात आम्हाला प्राचीन ग्रीकांची युद्धकाव्ये शिकवणाऱ्या सरांना आम्ही रणशिंग म्हणायचो. मिटलेल्या छत्रीचा भाला करून ते पहिल्या बाकावरच्या कुणाच्या तरी पोटात खुपसायचे. काव्यात कुणाची आतडी बाहेर आली, की सरांचा चेहरा पंगतीतून उठल्यासारखा तृप्त व्हायचा. रक्तदान शिबिरात मात्र सुई पाहूनच हे गृहस्थ आडवे झाले होते.

त्या काव्यांत रडणेही पुष्कळ आहे. वीर रडतात, घोडेसुद्धा रडतात. सर ती पाने उलटायचे. "हे परीक्षेला येत नाही!" मी ती वाचनालयात बसून वाचली आणि या माणसाला पुस्तक कळलेलेच नाही, याची खात्री पटली. वगळलेली पाने आधी वाचायची सवय लागली, एवढेच त्यांचे उपकार.

"घरी बसलास तर म्हातारा होऊन मरशील, लढलास तर नाव उरेल," हे त्यांचे लाडके वाक्य. स्वतःच्या मुलाला त्यांनी पाचगणीला शिकवून पुण्यात कंपनीत चिकटवले होते. त्याचे नाव उरण्याची त्यांना घाई नव्हती.

ते वाक्य लागले आमच्या वर्गातल्या, पाटणकडच्या संभाला. त्याचे वडील सैन्यात असताना गेले. एकुलत्या पोराने तरी घरी राहावे, एवढेच त्याच्या आईचे मागणे. "तू तरी सांग रं त्याला," काकू मला म्हणाल्या. मी सांगितले. "गड्या, सर म्हनत्यात ते खोटं न्हाई," म्हणत संभा भरतीला गेला.

काही वर्षांनी तो एक पाय गमावून परतला. सरांना पर्वणीच! लगेच सत्कार, शाल, नारळ. काकूंना व्यासपीठावर बसवले आणि मागे फलक लावला : वीरमाता. आमच्याकडे हा शब्द कुणाच्या आईसाठी राखलेला असतो, ते शेंबडे पोरही जाणते. मुलगा शेजारी बसलेला असताना सरांनी तो मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता.

सर माइकवर रंगात आले होते. काकू उठल्या.

"आवं सर, माजं पोरगं जित्तं हाय," त्या म्हणाल्या. "वीरपत्नी म्हनून एकदा बसलीया मी असल्या खुर्चीत. लय झालं."

संभाच्या काखेत हात घालून त्या त्याला सावकाश पायऱ्या उतरवू लागल्या. सरांनी टाळ्या सुरू केल्या. तो खाली पोहोचेपर्यंत ते एकटेच वाजवत होते.