तोड झाली की

माझे वडील वालचंदनगरला कारखान्यात होते. क्वार्टरमधला आमचा दिवस भोंग्यावर चालायचा. एका भोंग्याला त्यांची सायकल निघे, परतीच्या भोंग्याला आई चहाचं आधण ठेवी. उशिरा येणारा माणूस वडिलांच्या लेखी कामातून गेलेला.

अशा घरात मला कन्हेरीच्या बागायतदारांचं स्थळ आलं. मुलगा मला मनापासून आवडला होता. वडिलांनी लग्नाची तारीख विचारली, तर होणारे सासरे म्हणाले, "तोड झाली की उरकू." ऊसतोडीची टोळी त्यांच्या फडात कधी उतरणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. वडिलांना ही टोलवाटोलवी वाटली. त्यांनी निरोप धाडला, रविवारी चारला या, तारीख पक्की करू, नाहीतर विषय संपला.

रविवारी चार वाजून गेले तरी कोणी आलं नाही, फोनही उचलेना. वडिलांनी बैठकीतल्या खुर्च्या उचलून जागेवर ठेवल्या आणि "संपलं" म्हणाले. मला वडिलांचाही राग आला आणि न आलेल्या सासऱ्यांचाही. स्वयंपाकघरात जाऊन मी रडून घेतलं.

दिवेलागणीला सासरे एकटेच आले. शर्टाला उसाचं पाचट चिकटलेलं, चेहरा मात्र खुशीत.

"सकाळीच टोळी आली. फड सोडून कसं यायचं? आता लगीन झालंच म्हणून समजा."

"पण तारीख?" वडील म्हणाले.

"सांगितलं की. तोड झाली की."

वडील माझ्याकडे बघू लागले. "बाबा, ते हो म्हणतायत," मी म्हणाले.

लग्न झालं. पुढे मी बारामतीत मानवशास्त्र शिकवू लागले. काही समाज वेळ घड्याळावर ठरवतात, काही हातातल्या कामावर, हे सांगताना मला उदाहरण शोधावं लागत नाही. गोष्ट त्या खुर्च्यांपाशी आली की वर्ग हसतो.

वडील आता निवृत्त होऊन जळोचीला राहतात. तिथे भोंगा ऐकू येत नाही. "राहायला कधी येतेस?" असं फोनवर विचारतात. हंगामात कॉलेज सोडलं तर माझा पाय घरातून निघत नाही. "तोड झाली की," मी सांगते. पूर्वी ते लगेच तारीख विचारायचे, हल्ली नुसतं "बरं" म्हणतात. परवा आई सांगत होती, उसाचा ट्रॅक्टर दिसला की ते रस्त्यावर जाऊन हात करतात आणि ड्रायव्हरला विचारतात, "कन्हेरीची तोड कुठवर आली?"