काकांचा आवाज कुठे टेकायचा

बसस्थानकावरच्या उद्घोषकाला निवृत्त करता येतं, त्याच्या गळ्याला नाही. भोंगाकाका घरी बसले आणि आठवडाभरात हे साऱ्या इमारतीला कळलं. काकांनी बायकोकडे मागितलेला चहा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचा. तिथली नवी सून एकदा खरोखरच कप घेऊन खाली आली. 'भोंगा' हे नाव वाहकांनी ठेवलेलं. काकांनी ते पदवीसारखं मिरवलं.

"अहो, मला अजून नीट ऐकू येतं," बायको म्हणायची, "पण असेच घरात राहिलात तर यायचं नाही. कुठेतरी जा हो बाहेर!"

काका गेले ते कॉलेजात. तिथे 'अध्ययन साहाय्य कक्ष' होता. नाव भारदस्त, खोली प्रयोगशाळेमागची, निम्मी मोडक्या बाकांनी भरलेली. तिथल्या मॅडम वाचा-लिहायला अडचण असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळवून द्यायच्या. लेखनिक म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारा आणि विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस.

"वाचायचं आणि लिहायचं," मॅडमनी बजावलं. "बाकी वेळ तुम्ही फर्निचर. हूं नाही, हां नाही, मान हलवायची नाही."

"खुर्ची की टेबल?"

"कपाट," मॅडम म्हणाल्या. "बंद."

या कपाटाच्या वाट्याला जी मुलगी आली तिचं नाव काकांनी पहिल्याच दिवशी 'लवंगी' ठेवलं. एवढीशी, पण तोंड उघडलं की ठसका लागायचा. वर्गात सरांनी शिकवलेलं तिला कळायचं. अक्षरं मात्र तिच्यासमोर संगीत खुर्ची खेळत. एका ओळीशी ती झटापट करी तोवर बाकीचा वर्ग पान उलटून पुढे गेलेला असे. अर्थशास्त्रात दोनदा गचकली होती. ही शेवटची संधी. यात नापास झाली की कॉलेजातून नाव कमी. घरी थोरला भाऊ तिला 'मठ्ठ' म्हणूनच हाक मारायचा. चिडवण्यासाठी नव्हे, सवयीने.

"एकदा पास झाले ना काका, की त्याला 'मठ्ठाचा भाऊ' म्हणून हाक मारणार. चारचौघांत."

"नको गं, त्यात तूही सापडशील."

"मग त्याचं काय ते तुम्ही ठरवा. मला फक्त पास व्हायचंय."

मॅडम म्हणाल्या, परीक्षेआधी एकमेकांची सवय होऊ दे. झालं, काकांनी सरावाचं जाडजूड पुस्तकच आणलं. पेपर सगळा पर्यायांचा: एक प्रश्न, चार उत्तरं, एक निवडा. रोज दुपारी मोडक्या बाकांच्या राज्यात काकांची उद्घोषणा सुरू व्हायची. शिपाई दारातून डोकावून विचारायचा, "काका, महागाईची गाडी कुठल्या फलाटाला लागली?"

आता स्थानकावरचा एक नियम काकांच्या हाडांत मुरला होता. गाडी कुठे लागलीय याची चिठ्ठी हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चुकीचा फलाट सांगितला तर दोनशे माणसं सामान घेऊन धावतात आणि नंतर तुमच्यावर धावून येतात. तेव्हा इथेही काकांचं एक बोट प्रश्नावर असायचं, आणि दुसरं पुस्तकाच्या शेवटी, उत्तरं छापली होती त्या पानात. आधी तिथे डोकवायचं, खात्री करायची, मग प्रश्न वाचायचा. पोरीने उत्तर दिल्याबरोबर "शाब्बास!" म्हणायला विलंब नको.

लवंगी सुरुवातीला निम्मे चुकायची. मग कमी. मग शंभरात नव्वद येऊ लागले. काकांची छाती शर्टात मावेना. बायकोला म्हणाले, "पोरीचं डोकं बघ! मी पर्याय वाचून संपवत नाही तोच उत्तर!" बायको भाजी निवडत म्हणाली, "चांगलं आहे. माझं तर तुम्ही संपवेपर्यंत डोकं दुखतं."

परीक्षेच्या दिवशी दोघांना वेगळी खोली मिळाली. दारात पर्यवेक्षक, भिंतीवर घड्याळ, आणि टेबलावर एक प्रश्नपत्रिका, जिच्या शेवटच्या पानावर काही नव्हतं.

काकांनी पहिला प्रश्न वाचला. चारही पर्याय वाचले. लवंगी मान तिरकी करून ऐकत होती.

"परत वाचा."

काकांनी परत वाचलं.

"काका, आज आवाज बसलाय का तुमचा?"

कपाट बंद होतं. काकांनी फक्त तिसऱ्यांदा वाचलं. लवंगीने ओठ चावला आणि चाचरत कुठलंतरी अक्षर सांगितलं. दुसऱ्याला तसंच, तिसऱ्याला तसंच. चौथ्या प्रश्नाला 'क' वाचता वाचता काकांना खोकला आला. ते जरा थांबले. आणि लवंगीचा चेहरा उजळला.

"क!" ती म्हणाली. "क लिहा!"

काकांनी क लिहिला, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

स्थानकावर भरगर्दीतही लोक काकांचं ऐकून नेमके गाडीकडे वळायचे, कारण फलाटाचा नेमका आकडा आला की काकांचा आवाज तिथे किंचित टेकायचा. सरावात तो तसाच बरोबर पर्यायावर टेकत होता. पोरगी रोज दुपारी तेच ऐकत होती. तिला ठाऊक नव्हतं, काकांना ठाऊक नव्हतं. आज काकांपाशी चिठ्ठी नव्हती, आवाजाला टेकायला जागा नव्हती, आणि ती कान देऊन त्याच जागेची वाट पाहत बसली होती.

मग काका श्वास रोखून, सपाट वाचू लागले. पण माणसाचा गळा तो. कुठेतरी थुंकी गिळावी लागते, कुठेतरी दम संपतो. जिथे संपेल तिथे लवंगी बोट ठेवायची, "हेच!" आणि जे सांगेल ते लिहिणं एवढंच काकांच्या हाती होतं. बाकीची मुलं घरी गेली. यांचा जादा वेळ उरलाच होता. मोठ्या खटपटीने मिळवलेला तो वेळ काकांनी एकेक मिनिट सोसला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सुरुवातीला जरा घाबरले. मग मस्त गेला!"

काका तडक मॅडमकडे गेले. मॅडमनी सगळं ऐकून डोक्याला हात लावला. "तुम्ही नियम कुठला मोडलात, काका? काही सांगितलं नाहीत, मान हलवली नाहीत. मी वर काय कळवू, लेखनिक खोकला?"

निकाल लागला. जे व्हायचं तेच झालं.

लवंगी बसस्थानकावर बाकावर बसली होती. काका शेजारी बसले. डोक्यावर काकांच्या जागी आलेलं यंत्र घरघरत होतं. त्याचं बोलणं त्यालाच कळावं.

"दादा बरोबर बोलतो," ती म्हणाली. "मठ्ठच आहे मी."

"नाही गं पोरी. चूक माझी आहे." आणि काकांनी सगळं सांगितलं: बोट, शेवटचं पान, टेकणारा आवाज, खोकला. तिचं ओझं उतरेल अशी त्यांची भाबडी समजूत.

ती काकांकडे वळली.

"म्हणजे ते नव्वद?"

"अगं, ते..."

"तेही माझे नव्हते?"

काकांनी वर घरघरणाऱ्या यंत्राकडे पाहिलं.

"थोडे तरी असतील ना काका? आठ-दहा?"

काकांना ठाऊक नव्हतं. तिचे कुठले आणि आपल्या आवाजाचे कुठले, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

समोर दोन गाड्या लागल्या. लवंगी उठली आणि पाट्यांकडे बघत उभी राहिली. काका सवयीने उठले, "तुझी ती पलीक..."

"नका सांगू," ती मागे न बघता म्हणाली.

काका खाली बसले. पलीकडची गाडी सुटली. लवंगी अलीकडच्या गाडीच्या पाटीपुढे, ओठ हलवत, तशीच उभी होती.