सरुबाईची चुऱ्याची खीर

कुसगावात कुणाकडे अचानक पाहुण्यांचं जेवण निघालं आणि गोड काय करावं म्हणून घरातली बाई हातपाय गाळून बसली, की कुणीतरी म्हणतंच, "अगं, सरुबाईला ईचार की." बासुंदी आटवायला अर्धा दिवस जातो, जिलेबीचा घाट फिसकटला तर चारचौघांत शोभा होते. सरुबाईच्या खिरीला यातली कसलीच भानगड नाही. मूठभर शेवया तुपावर परतायच्या, दुधात शिजवायच्या, पातेलं उतरवून गार पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि दूध निवलं की गुळाच्या चिक्कीचा चुरा टाकून ढवळायचं. चुऱ्यातला गूळ विरघळतो, दाणे तेवढे दाताखाली येतात. दहा माणसांची खीर पाऊण तासात होते.

चुरा कुठून आणायचा, हा प्रश्न सरुबाईला कधी पडला नाही. बावीस वर्षं ती लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात जात होती. पर्यटक सरळ कापलेले चौकोन डब्यांतून घेऊन जातात; कापताना मोडतं ते बायकांच्या पिशवीत येतं. त्यातूनच ही खीर निघाली.

ती बिघडायची एकच वाट आहे. दूध कढत असताना गूळ पडला, की फाटलंच म्हणून समजा. आता पातेल्याला हात लावला की दूध निवलं का ते कुणालाही कळतं. सरुबाईला कळत नाही. कढत पाक थापून थापून तिच्या बोटांतली जाणीवच गेली आहे. तव्यावरची भाकरी ती नुसत्या बोटांनी उलटते, आणि "आई गं" निघतं ते बघणाऱ्या बाईच्या तोंडून. चमच्यानं चाखून बघावं, तर पहिली वाटी देवापुढं ठेवायची, मग आधी उष्टी कशी करायची? सून प्रेरणानं एकदा मोबाइलमध्ये गजर लावून दिला होता. तो वाजला तेव्हा सरुबाई अशी दचकली की पळी परातीत पडली. तेव्हापासून गजर बंद.

म्हणून आकडे मोजायचे. शंभराचे पाच फेरे झाले की दूध बरोबर निवतं. हा हिशेब तिच्या मुलाचा, निलेशचा. सरुबाईला विसाच्या पुढं मोजता येत नाही. शाळेत असताना निलेश तिच्यासाठी मोजायचा. मोठा होऊन जीप चालवायला लागला तरी खिरीच्या दिवशी ओट्याला टेकून मोजायचा. तीन वर्षांपूर्वी दाट धुक्यात त्याची जीप पवना धरणाच्या रस्त्यावरून खाली गेली. तेव्हा त्याची पोर शिवन्या चार वर्षांची होती. मग ती मोजायला लागली. आकडे ती शाळेच्या आधी या ओट्यावर शिकली. एक फेरा झाला की एक शेंगदाणा ओट्यावर मांडायचा, पाच झाले की आजीला हाक मारायची आणि दाणे खाऊन टाकायचे. मुलगा गेलेल्या घरात सरुबाई उभी राहिली ती या मोजण्याच्या आवाजावर.

आणि मग संदेशचं स्थळ आलं. शिरगावचा मुलगा, देहूरोडच्या डेपोत नोकरीला, पहिलं लग्न मोडलेलं, स्वभावानं गरीब. प्रेरणा अजून तिशीच्या आत होती. तिचं पुन्हा लग्न करून द्यायचं, हे सरुबाईच्या नवऱ्यानं, महिपतीनं, आपणहून काढलं. सरुबाईनं मान हलवली. गावानं तिचं तोंड भरून कौतुक केलं, सुनेला लेकीसारखी देते म्हणून. त्या कौतुकाचा तिला इतका संताप यायचा की ती दार लावून आत बसायची. प्रेरणा गेली तरी नात आपल्याजवळ राहील, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण पहिल्या भेटीतच संदेश म्हणाला, "पोरीला आईपासून तोडायची न्हाई. ती आजपासून माझी." सगळ्यांचे डोळे भरले. सरुबाईचेही भरले, का भरले ते कुणी विचारलं नाही.

माणसं वाईट असती तर भांडता आलं असतं. ती चांगली निघाली, तिथं सरुबाईचा नाइलाज झाला.

ठरलं असं, की रविवारी संध्याकाळी शिरगावकर जेवायला येतील. दोन्ही घरांत रीत एकच होती: पोरीच्या घरचं गोड खाल्लं की सोयरीक पक्की. प्रेरणा मान खाली घालून म्हणाली, "आई, खीर तुमीच करा. दुसऱ्या कुणाच्या हातची नको." आणि दूध नासलं तर? दूध नासणं दोन्ही घरांत वाईट शकुन मानत. बैठक पुढं गेली असती, कदाचित मोडलीही असती. हा विचार सरुबाईच्या डोक्यात शुक्रवारी आला आणि रविवारपर्यंत हलला नाही. तिला स्वतःची किळस येत होती, तरी तो हलला नाही.

पाहुणे बाहेर बसले होते. प्रेरणा पाणी देत होती. सरुबाईनं पातेलं उतरवलं. परात भिंतीला टेकून तशीच कोरडी होती. तिनं डब्यातला चुरा मुठीत भरून घेतला आणि मूठ वाफेवर धरली. नुसती उघडायची होती.

"आजी, परातीत पाणी नाही घातलंस?"

नवा फ्रॉक घालून शिवन्या दारात उभी होती. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. परात खाली ठेवली, कळशीतून पाणी ओतलं, म्हणाली, "ठेव ना पातेलं." सरुबाईनं डाव्या हातानं पातेलं धरून परातीत ठेवलं, उजवी मूठ तशीच होती. पोर मांडी घालून बसली आणि सुरू झाली. एक, दोन, तीन, चार.

पहिला दाणा मांडला गेला. दुसरा मांडला गेला. तिसरा मांडून ती थांबली. "आजी, खीर चांगली झाली तर संदेशकाका खूश होतील ना?"

"व्हतील की."

"मग मी सावकाश मोजते."

आणि खरंच ती सावकाश मोजायला लागली, एकेक आकडा नीट म्हणत. सरुबाई ऐकत उभी राहिली. आपल्याच हातानं आपलं घर रिकामं करायला निघालेलं पोर, आणि त्याला त्याचा पत्ता नाही. तिला ओरडावंसं वाटलं. पाचवा दाणा मांडला तेव्हा तिनं मूठ उघडली. चुरा घामानं चिकट होऊन तळव्याला धरला होता. तो तिनं चमच्यानं खरवडून दुधात टाकला.

खीर अशी झाली की संदेशच्या आईनं, रेणुकाबाईंनी, तीनदा वाटी पुढं केली. म्हणाल्या, "सरुताई, गोड खाल्लं. आता दोघी पोरी आमच्या." महिपतीनं हात जोडले. पंधरा दिवसांत लग्न झालं आणि मायलेकी शिरगावला गेल्या.

शिरगाव काही परमुलूख नाही. पण सात वर्षांच्या मुलीला शाळा असते, नवं घर असतं, नव्या मैत्रिणी असतात. दोन महिन्यांत ती एकदा येऊन गेली.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी महिपती म्हणाला, "खीर कर गं. लय दिस झालं." सरुबाईनं दूध ठेवलं, शेवया शिजवल्या, पातेलं परातीत ठेवलं आणि शिरगावला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर शिवन्या आली. केस कापलेले होते.

"आजी, खीर? थांब, मी मोजते."

सरुबाईनं मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात तो आवाज आला. पहिला फेरा झाला तसा सरुबाईनं एक दाणा मांडला. दुसरा सुरू झाला. पस्तीस, छत्तीस, सदतीस. पलीकडे मोटारसायकल थांबल्याचा आवाज झाला.

"आजी, पप्पा आले! आलेच हं."

पडद्यावर छताचा पंखा दिसत राहिला. लांबून पोरीचं हसणं ऐकू आलं, नंतर तेही येईना. सरुबाई उभी राहिली. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. मग फोन आपोआप बंद झाला.

तिनं पातेल्याला हात लावला. काहीच कळलं नाही. डबा उचलून तिनं सगळा चुरा दुधात ओतला.

दूध अजून निवलं नव्हतं, ते फाटलं. पांढऱ्या गुठळ्या एकीकडे, तांबूस पाणी एकीकडे. देवापुढं ठेवण्याजोगं काही उरलं नव्हतं. तिनं दोन वाट्यांत तेच वाढलं आणि महिपतीसमोर बसली.

महिपतीनं एक घास घेतला, वाटीत बघितलं. "आज पोरीनं मोजलं न्हाई व्हय?"

"मोजलं की," सरुबाई म्हणाली. "पण तिचं पप्पा आलं."

 महिपतीनं वाटी संपवली आणि आणखी मागितली.